राजीनामा, विथ इमीजिएट इफेक्ट

२४ एप्रिल, गुरुवार. रात्री साडेनऊ.
रोजनिशी सुरू करतोय. क्रॅगवेल ब्रास बँडचा सेक्रेटरी म्हणून बावीस वर्षं मी सगळ्यांच्या नोंदी ठेवल्या. माझी नोंद कुणीच ठेवली नाही. ती आता मीच ठेवणार.
आजची घटना. सरावात चहाची सुट्टी झाली. शीला ग्रीनवुडने (कॉर्नेट वाजवते, दिवसा औषधांच्या दुकानात असते) फोनवर बँडचा ग्रुप काढला. कप विसळून होईपर्यंत सव्वीस जण आत. मी सोडून. माझ्या फोनला बटणं आहेत, आणि त्याचा मला अभिमान आहे.
लेनर्ड ब्रॉडबेंट म्हणाला, बरं झालं, फळ्यावरच्या नोटिशींची कटकट गेली. लेनर्ड आमचा अध्यक्ष, पूर्वीचा खाटीक, मोठा ढोल वाजवतो. माझ्यापासून दोन फुटांवर उभा राहून म्हणाला. मी टाचणी शोधतोय असं दाखवलं.
त्याच वेळी माझ्या हातात नवी नोटीस होती. ‘विथ इमीजिएट इफेक्ट, ओल्या छत्र्या रेडिएटरवर वाळत घालू नयेत.’ ती लावली. सराव संपेपर्यंत रेडिएटरवर तीन छत्र्या.

२५ एप्रिल, शुक्रवार.
विचार केला. माणसं पुढे गेली, भाषा मागे राहिली.
कौन्सिलच्या रस्ते विभागात मी एकतीस वर्षं काढली. तिथल्या प्रत्येक नोटिशीत हे तीन शब्द माझे असायचे. ‘विथ इमीजिएट इफेक्ट, रस्ता बंद.’ ‘विथ इमीजिएट इफेक्ट, पार्किंग बंद.’ ताकद शेवटच्या शब्दात आहे. इफेक्ट म्हणजे परिणाम. वाचणाऱ्यावर परिणाम होतो, आणि तो ताबडतोब होतो. माणूस ताठ बसतो. घरून निघताना काही विसरलं तर नाही ना, असं त्याला वाटू लागतं.
हे ग्लेनिसला समजावलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, त्याचा अर्थ फक्त ‘आत्तापासून’ असा होतो, नॉरिस. वाचणाऱ्याचा त्यात काही संबंध नाही.
पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याच्या व्यवसायातलं इतपतच कळतं. वाद घातला नाही.
निर्णय: राजीनामा द्यायचा. अर्थात बँडवाले तो स्वीकारणार नाहीत. पण हादरतील.

२७ एप्रिल, रविवार.
सात मसुदे. सातवा उत्तम.
‘प्रिय अध्यक्ष, क्रॅगवेल ब्रास बँडमधील माझी सर्व पदे, सर्व जबाबदाऱ्या व सर्व जागा यांचा मी याद्वारे विथ इमीजिएट इफेक्ट राजीनामा देत आहे.’
ग्लेनिसने वाचलं. म्हणाली, सर्व कशाला? सेक्रेटरीपदापुरतं लिही की. तुझा ट्युबा पण यात जातोय. (मी वाजवतो ते वाद्य, बँडमधलं सर्वात मोठं पितळी, खालच्या सुराचं.)
मी म्हटलं, अर्धा राजीनामा दिला की परिणामही अर्धाच होतो.
ती म्हणाली, बरं, मग निदान ‘जूनअखेर’ असं लिही. माणसांना जरा वेळ मिळेल.
वेळ मिळाला की धक्का कसा बसेल, हे तिच्या लक्षात येत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११.
पत्र ग्लेनिसकडे पोस्टात टाकायला दिलं. लेनर्ड आमच्यापासून चार दारं सोडून राहतो, पण राजीनामा हातात देणं बरं दिसत नाही. तिकीट ग्लेनिसकडे होतं. पाकिटावर पत्ताही तिनेच घातला, माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून.

३० एप्रिल, बुधवार.
दिवसभर फोनपाशी.
१०.१५ – फोन. ग्लेनिससाठी.
१.४० – फोन. ग्लेनिससाठी.
४.०० – दारावर लेनर्डसारखी सावली. पार्सलवाला. शेजाऱ्यांचं पार्सल.
निष्कर्ष: हादरले आहेत. काय बोलावं ते सुचत नाहीये.

१ मे, गुरुवार.
कमिटीची बैठक. काय घालावं यावर बराच विचार केला. शेवटी बँडचा ब्लेझरच घातला. नकार ऐकताना माणसाने साजेसे कपडे घातलेले बरे.
हजर: लेनर्ड, शीला, ऑस्टिन सटक्लिफ (आमचा कंडक्टर, शाळेत संगीत शिकवतो), खजिनदार आणि मी. पाच. नियमाप्रमाणे बैठकीला पाच जण लागतात. हा नियम मीच टाइप केला होता.
लेनर्डने घसा साफ केला. म्हणाला, नॉरिस, तुझं पत्र मंगळवारी मिळालं.
मी म्हटलं, बुधवारी मिळायला हवं होतं.
म्हणाला, ग्लेनिस जाता जाता माझ्या दारावरच्या पेटीत टाकून गेली. पोस्टाची पेटी भरली होती म्हणे. तर, तू मंगळवारपासून सभासद नाहीस. त्यामुळे आपण इथे चारच जण आहोत, आणि बैठक होऊ शकत नाही.
मी म्हटलं, मग राजीनामा स्वीकारताही येणार नाही. नियम म्हणजे नियम. (इथे मी थोडा हसलो, कबूल करतो.)
लेनर्ड म्हणाला, स्वीकारायची गरजच काय? तू लिहिलंयस ना, विथ इमीजिएट इफेक्ट. पत्र मिळालं त्या क्षणी तू गेलास. आम्ही मानलं काय, न मानलं काय.
शीला म्हणाली, पाहुण्यांसाठी खुर्ची आहे, बसा ना.
पाहुण्यांची खुर्ची डगमगते. ती दुरुस्त करा अशी नोटीस मी मागच्या वर्षीच लावली होती.
चहा मात्र दिला. सभासद नसताना कपही मलाच विसळावा लागला.

२ मे, शुक्रवार.
शांतपणे विचार केला. त्यांनी मला जाऊ दिलं ते मनाविरुद्ध. व्याकरणाने त्यांचे हात बांधले आहेत. पंधरा दिवसांत जूनमधल्या व्हिट फ्रायडेची तयारी सुरू होते. त्या दिवशी डोंगरापलीकडच्या आठ गावांत रस्त्यावरून वाजवत जायचं, प्रत्येक गावात परीक्षक, प्रत्येक गावाची वेगळी वेळ. हे सगळं जमवणं एकट्यादुकट्याचं काम नाही. येतील.
निर्णय: येतील तेव्हा फार ताणायचं नाही. एकदा नाही म्हणायचं, मग हो.

६ मे, मंगळवार.
बस कंपनीचा फोन. बसच्या वेळा नक्की करायच्या होत्या. तत्त्व म्हणून मी फोन घेतला नाही. तो ग्लेनिसने घेतला. तिने आठही गावांची नावं, कुठे उतरायचं, ढोल कुठल्या दारातून चढवायचा, ड्रायव्हरच्या जेवणाची सुट्टी किती, सगळं न बघता सांगितलं.
मी विचारलं, तुला हे कसं माहीत?
म्हणाली, दरवर्षी मीच सांगते.
इतकी वर्षं मी घरात मोठ्याने बोलत काम करायचो, तेच तिच्या कानावर पडलं असणार. चांगलं वळण लागलंय.

१० मे, शनिवार.
अजून कुणी आलं नाही.
नवा उपाय सुचला. ज्या शब्दांनी दार लागलं त्याच शब्दांनी ते उघडेल. लिहिलं: ‘मी माझा राजीनामा विथ इमीजिएट इफेक्ट मागे घेत आहे.’ या वेळी स्वतः नेऊन दिलं. लेनर्ड बागेत होता, हात मातीने भरलेले. पत्र त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.
म्हणाला, कोण मागे घेतंय?
म्हटलं, मी. सेक्रेटरी.
म्हणाला, सेक्रेटरी असतास तर मागे घेण्यासारखं काही उरलंच नसतं. आणि सेक्रेटरी नसशील तर बँडला पत्र लिहिणारा तू कोण? शेजारी. शेजाऱ्याचं पत्र मी वाचलं, झालं.
खाटिकाच्या मानाने फार तर्कशुद्ध बोलतो.
मग म्हणाला, वाल घेऊन जातोस का? खूप आलेत.
घेऊन आलो.

१३ मे, मंगळवार.
गुडघ्याला लावायचं मलम आणायला औषधांच्या दुकानात गेलो. गुडघा बरा आहे.
शीला काउंटरवर होती. गर्दी नव्हती. पुडी बांधता बांधता म्हणाली, नॉरिस, तुम्ही तसं का लिहिलंत हो?
मी विचारलं, कसं?
म्हणाली, लगेच, आजच्या आज, असं. जूनअखेर लिहिलं असतंत तर आम्हाला दोन महिने मिळाले असते. नोटिशींवरून बोलला ते तुम्हाला लागलं असेल म्हणून लेनर्ड तुमच्याकडे यायचं म्हणत होता. तुम्हाला आल्याचा केक आवडतो ना, तो आणून ठेवला होता त्याने. पत्र वाचलं आणि म्हणाला, जाऊन काय करू? माणूस गेलाय, मध्ये एकही दिवस ठेवला नाही त्याने.
मी विचारलं, मग केकचं काय झालं?
म्हणाली, सरावाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून खाल्ला.
मलम लावलं. आता गुडघा खरंच दुखतोय.

१५ मे, गुरुवार. दुपारी ३.
ट्युबा घ्यायला लेनर्ड आणि ऑस्टिन आले. वाद्य बँडचं आहे, नियमाप्रमाणे परत करायला हवं. तोही नियम मीच टाइप केला होता.
सकाळी जिन्याखालच्या कपाटातून बाहेर काढला. पॉलिश केला. तळाशी एक पोचा आहे, बसच्या पायरीवर आपटल्याचा. तो कुणी काढू नये. त्याने खालचा सूर जरा गोड लागतो, हे ऑस्टिनला सांगितलं. तो म्हणाला, हो, मला माहितीये.
मी विचारलं, वाजवणार कोण?
म्हणाला, इमोजेन फॅरर. पलीकडच्या खोऱ्यातली, गुरांची डॉक्टर. व्हिट फ्रायडेपर्यंत तयार होईल.
मी म्हटलं, चाळीस वर्षांत जे झालं ते महिन्याभरात होत नसतं.
लेनर्डने एका हाताने पेटी उचलली आणि दुसरा हात पुढे केला. हस्तांदोलन केलं. त्याचा हात खूप मोठा आहे, हे मला याआधी कधी जाणवलं नव्हतं.
बरंच झालं. जिन्याखाली जागा मोकळी झाली. व्हॅक्यूम क्लीनर तिथे ठेवायचा.

१६ मे, शुक्रवार.
व्हॅक्यूम क्लीनर ठेवला. कपाट भरलेलं वाटत नाही. इस्त्रीचं टेबलही ठेवलं. तरी नाही.

२२ मे, गुरुवार.
आज सगळ्या बँडची सभा, नव्या सेक्रेटरीची निवड. मी गेलो नाही. मान सांभाळायचा तर घरी बसावं. ग्लेनिस म्हणाली, मी जाऊन येते, बँडच्या खोलीची किल्ली आपल्याकडेच राहिलीय.
साडेआठला परत आली. कोट काढला. किटली ठेवली.
मी विचारलं, कोण झालं?
म्हणाली, मी.
मी म्हटलं, तू काय?
म्हणाली, सेक्रेटरी. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. सगळे हात वर होते.
मी म्हटलं, पण तुला अनुभव नाही.
तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. दिसायला ठीक असलेलं दूध नासलंय की काय, असा वास घेताना बघतात तसं. मग म्हणाली, नॉरिस, बावीस वर्षं तू नोटिशी लावल्यास. बस कोण ठरवत होतं? हॉलवाल्याला पत्रं कोण लिहीत होतं? गणवेश धुवायला कोण देत होतं? लेनर्डची बायको गेली तेव्हा त्याच्याकडे सगळ्या बँडच्या नावाने जेवण कोण पोचवत होतं?
मी म्हटलं, ते सगळं माझ्या देखरेखीखाली होत होतं.
ती म्हणाली, चहात साखर घालू का?
मी घाल म्हटलं.

२३ मे, शुक्रवार.
खरं काय ते ठरवायला जुन्या फायली काढल्या. चौदा फायली. तेरा फायलींत ग्लेनिसच्या अक्षरातली पत्रं, खाली माझी सही. चौदाव्यात माझ्या नोटिशी. एकूण तीनशे बारा. प्रत्येकीत ते तीन शब्द. एका नोटिशीखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘पाहू.’
अक्षर ऑस्टिनचं असावं. २००९.

३० मे, शुक्रवार.
बँडच्या खोलीवरून सहज चालत गेलो. दाराची काच स्वच्छ आहे, आतला फळा दिसतो. ग्लेनिसची पहिली नोटीस: ‘दार लावून घ्याल का? ट्रॉम्बोनवाल्यांना वारा लागतो.’
अधिकार नाही. वजन नाही. कधीपासून, तेही नाही.
दार लावलेलं होतं.

५ जून, गुरुवार.
निर्णय: व्हिट फ्रायडेला जायचं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो दिवस मोकळा मिळतोय. कुंपण रंगवायचं.

१३ जून, शुक्रवार.
रंगाचा ब्रश आणायला गेलो. चांगला ब्रश डोंगरापलीकडे मिळतो, असं ऐकलं होतं. दुपारच्या बसने गेलो. त्या गावात आज व्हिट फ्रायडेच्या बँडांची गर्दी असेल हे माझ्या लक्षात आलं नाही, असं नाही. पण ब्रशही हवा होता.
दुकान बंद होतं.
चर्चच्या भिंतीपाशी उभा राहिलो. चार बँड गेले. मग वळणावर आमचे जांभळे कोट. सर्वात पुढे हातात कागद अडकवलेली पाटी घेतलेली ग्लेनिस. शेवटच्या रांगेत इमोजेन फॅरर, गळ्यात माझा ट्युबा. उंच बाई आहे. पाऊल बरोबर पडत होतं.
चुका मोजायच्या असं ठरवलं होतं. रस्ता संपेपर्यंत एक. ती तिची नव्हती, तिच्यापुढच्या माणसाची होती.
एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण हे कुणी वाचणार नाही. ते समोरून जात असताना कोटाच्या खिशात माझी तीन बोटं आपोआप हलत होती. सगळ्या कळा बरोबर. धून संपेपर्यंत थांबली नाहीत. बँड नजरेआड झाला तरी मी तसाच उभा. एका बाईने विचारलं, बरं वाटतंय ना? मी सांगितलं, ब्रश घ्यायला आलोय.
लेनर्डने ढोल वाजवता वाजवता मला पाहिलं होतं. चालताना थांबता येत नाही. त्याने एक ठोका जरा जोरात मारला. मुद्दाम असेल किंवा नसेल.
नंतर ग्लेनिस गर्दीतून आली. न विचारता हॅमचं सँडविच हातात दिलं. म्हणाली, बसमध्ये जागा आहे, आमच्याबरोबर चल.
मी म्हटलं, माझ्याकडे परतीचं तिकीट आहे.
म्हणाली, बरं. आणि गेली. पुढच्या गावाची वेळ झाली होती.
आमचा बँड आठांपैकी एका गावात दुसरा आला. माझ्या काळातला सर्वोत्तम क्रमांक सातवा. परीक्षक अलीकडे सैल झालेत.

१४ जून, शनिवार.
कुंपण रंगवलं नाही. ब्रश नाही.
दुपारी ग्लेनिसला म्हटलं, इमोजेनचं पाऊल चांगलं पडतं. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, खालचा सूरही. ती म्हणाली, तिला सांगू? थोडा विचार केला. म्हटलं, सांग.

१६ जून, सोमवार.
पोस्टाने पत्र. पाकिटावर माझं नाव, अक्षर ग्लेनिसचं. ती शेजारी बसून टोस्टला लोणी लावत होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, ऑफिसचं आहे, वाच.
‘प्रिय नॉरिस, बावीस वर्षांच्या कामाबद्दल कमिटीने सर्वानुमते तुमचे आभार मानले आहेत. मोठ्या बँडमध्ये सध्या ट्युबाची जागा नाही. मंगळवारी चार वाजता नवशिक्यांचा वर्ग भरतो. तिथे एक जुना ट्युबा पडून आहे. तुम्ही आलात तर आम्हाला आवडेल. तुमची, ग्लेनिस हेलिवेल, सेक्रेटरी.’
मी म्हटलं, नवशिक्यांचा? मी?
म्हणाली, सेक्रेटरीने कळवलं. जायचं की नाही ते तुझं तू ठरव. चहा घेणार?
सगळा दिवस विचारात गेला. प्रस्तावात तथ्य आहे. नवशिक्यांना अनुभवी माणसाची गरज असते. कमिटीला हे उघडपणे लिहिता येत नसणार, वर्गातल्या माणसांना वाईट वाटेल म्हणून.

२० जून, शुक्रवार.
काल रात्री उत्तर लिहिलं. पाच मसुदे. शेवटी एकच शब्द ठेवला: ‘येतो.’ ग्लेनिसच्या उशाशी ठेवलं. सकाळी त्यावर तिचा शिक्का होता, ‘मिळाले’. बँडला शिक्का आहे हेच मला माहीत नव्हतं.

२४ जून, मंगळवार. संध्याकाळी ६.
गेलो. पाच मिनिटं आधी. ब्लेझर घातला नाही, स्वेटर घातला.
वर्गात सहा जण. दोन शाळकरी मुली, निवृत्त झालेला पोस्टमन, एक नवरा-बायको आणि आमच्या चर्चच्या नव्या पाद्रीणबाई, ट्रॉम्बोन घेऊन. शिकवायला ऑस्टिन. जुना ट्युबा हिरवट पडलाय, एक कळ अर्ध्यात अडकते. तेल मागितलं. मिळालं.
एकच सूर, सगळ्यांनी चार ठोके धरायचा. मी धरला. ऑस्टिन म्हणाला, नॉरिस, जरा हळू, बाकीचे ऐकू येत नाहीत. हळू धरला. मग दुसरा सूर. मग पहिला परत. पाऊण तास हेच. शेवटी सगळ्यांचा एकदा एकत्र लागला, नीट, कुठेही न फाटता. पोस्टमनने माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान हलवली.
वाद्यं पुसताना पाद्रीणबाई शेजारी बसल्या. त्या या गावात नवीन आहेत, मला ओळखत नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्ही किती दिवस शिकताय?
खोटं बोलायचं नाही, पाद्रीणबाईंशी तर नाहीच. मी सांगितलं, एक्केचाळीस वर्षं.
त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, धीर सोडू नका. तिसरा सूर मलाही अजून लागत नाही.